चाकूमुळे नाही, माय

माय, तुझ्या ऑपरेशनसाठी आपण तिघं सालेकशाहून सकाळच्या गाडीने नागपूरला गेलो होतो. तू नको म्हणत होतीस, बाबाच अडून बसले. स्तनातली गाठ निघाली, नंतरच्या सुयाही तू घेतल्यास, पावसाळ्यात धानाच्या रोवणीला उभी राहिलीस. पुढच्या उन्हाळ्यात तुला दम लागायला लागला. छातीच्या फोटोत डाग दिसले. रोग फुप्फुसात गेला होता.

ती सकाळ मला अजून दिसते. तुला आडवं होता येत नाही, म्हणून तू चुलीजवळ भिंतीला टेकून बसली आहेस. मी भात उतरवते आहे. बाबा दारात उभे. त्यांच्याकडे न बघता तू म्हणतेस, "गाठ त काढली ना? मंग हे कायले पसरून राहिलं? चाकू लावला नसता त जगली असती मी." गाव हेच बोलत होतं. पण तू बोललीस तेव्हा बाबा कोठ्यात बैलांकडे गेले. तू गेल्यावरही ते तुझ्या आजाराबद्दल कधी बोलले नाहीत. कोणी विषय काढला की उठून जायचे.

यंदा तुझ्यासारखी मलाही शुगर निघाली. गोंदियातल्या डॉक्टरीणबाईंनी घरच्यांचे आजार विचारले, तेव्हा तुझं सगळं सांगितलं. शुगरमुळे तुझ्या पायाची जखम महिनोन्‌महिने भरत नव्हती, तेही. त्या म्हणाल्या, कॅन्सरच्या पेशी रक्तवाहिन्यांतून दूर जातात. वाहिनीची भिंत धड असली तर त्यांना आत शिरणं जड जातं. जुन्या शुगरने भिंती कमजोर झाल्या तर वाट सोपी होत असावी, असं आता संशोधन करणारे म्हणतात.

"म्हणजे ऑपरेशनमुळे नाही पसरलं?"

"पेशी बहुधा आधीच निघून गेल्या असतील. पण तुमच्या आईचं नेमकं काय झालं, हे आता कोणीच सांगू शकणार नाही."

रविवारी गावी गेले. बाबांना कमी ऐकू येतं, त्यांच्या खाटेवर बसून कानाशी सगळं सांगितलं. शुगर, रक्तवाहिन्या, पेशी. किती समजलं कोण जाणे. ते आपल्या तळहाताकडे बघत होते.

"चाकूनं नाही?"

"नाही, बाबा."

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी मान हलवली. चेहऱ्यावर काही दिसलं नाही. मग म्हणाले, "तिले कोण सांगंल?"

म्हणून हे लिहायला बसले. पाठवायला पत्ता नाही. डॉक्टरीणबाई नक्की म्हणाल्या नव्हत्या, माय. ते मी म्हटलं.