पांढऱ्याच्या बाजूचे हरभरे

बाबा, मी सध्या वजन वाढवते आहे. हे ऐकून तुम्ही आधी आईकडे बघितलं असतं आणि मग माझ्याकडे न बघताच विचारलं असतं, "काहून?" म्हणून का, तेच आधी सांगते. जमिनीवर एक लोखंडी दांडी असते, दोन्ही टोकांना वजनाच्या चकत्या. वाकून ती धरायची आणि उचलत उचलत सरळ उभं राहायचं, एवढाच खेळ. यवतमाळला बदली झाल्यापासून मी तो खेळते. चाळिशी ओलांडलेल्या बायकांचा त्यात वेगळा गट असतो आणि जिल्ह्यात मी पहिली आले. आता राज्याच्या स्पर्धेला जायचं आहे, पण माझं वजन दोन गटांच्या मध्ये लटकलं आहे, खालच्या गटाला जड आणि वरच्या गटाला हलकं. तेव्हा वरच्या गटात शोभेल इतकं मांस अंगावर चढवायचं, चरबी नव्हे, मांस. जिमच्या भाषेत याला बल्किंग म्हणतात. पहाटेपासून निजेपर्यंत मी खात असते. तुमचे जावई सकाळी अंडी उकडतात आणि सोलताना रोज म्हणतात, की लग्न ठरवताना हे कुणी सांगितलं नव्हतं.

जिममधला ट्रेनर ढाणकीकडचा आहे, दादाच्या थोरल्या मुलीच्या वयाचा. पहिल्या दिवशी त्याने मला समोर बसवून समजावलं, की नुसतं खाल्लं तर पोट सुटेल, नुसतं उचललं तर झिजाल, आणि झोप नीट घेतली नाही तर दोन्ही फुकट. खुराक एकदम वाढवायचा नाही, आधी पोटाला सवय होऊ द्यायची आणि मग पुढची मूठ. मी हसले. त्याला वाटलं, बाईंना पटलेलं नाही. त्याला कसं सांगणार, की हे सगळं मी आठवीत असताना गोठ्याच्या दारात उभी राहून ऐकलं आहे? "नुसतं खाल्ल्यानं बैल भरत नाही. खाल्लं पाह्यजे, वाह्यलं पाह्यजे अन बसलं पाह्यजे," असं तुम्ही आल्यागेल्याला सांगायचात. डवरणी, म्हणजे पिकातली कोळपणी, संपली की तुम्ही पोळ्याच्या तयारीला लागायचात. सरकीची ढेप, तुरीची चुनी, रात्री भिजवलेले हरभरे. सकाळ-संध्याकाळ बैलाच्या बरगड्यांवरून तळहात फिरवायचा, आज हाड हाताला किती लागतं ते बघायचं आणि त्यावर उद्याचं वैरण-पाणी ठरवायचं. घाटंजीच्या बाजारातून येणारे लोक वाट वाकडी करून आपल्या गोठ्यात डोकावायचे. तोरणाखाली तुमची जोडी उभी राहिली की बाकीचे आपले बैल जरा मागे ओढून घ्यायचे. अंगावर मांस कसं चढतं हे पंचक्रोशीत तुमच्याइतकं कुणाला कळत नव्हतं. म्हणूनच मला तुमचा राग येतो. ज्याला कळत नाही त्याच्यावर कोण रागावणार?

घरात खायला नव्हतं असं तर अजिबात नव्हतं. कापूस होता, तूर होती, दुभती म्हैस होती. दुधाचा पेला दादाच्या ताटाशेजारी यायचा आणि दादा त्यातली साय बोटाने बाजूला काढायचा, कारण त्याला ती आवडत नसे. मला आवडायची, पण माझ्या ताटाशेजारी पेलाच नसे. शाळेतले खेळाचे सर मला गोळाफेक शिकवत होते. मी तालुक्याला पहिली आले, जिल्ह्यालाही आले, तेव्हा ते सायकलवर आपल्या घरी आले होते. तुम्ही त्यांना खाटेवर बसवलंत, मला चहा आणायला लावलात. सर म्हणाले, पोरीला खांदा आहे, पण अंगात भर नाही. विभागाला अमरावतीला जायचं आहे, तोवर हिला दूध द्या, अंडं द्या, तेही नको असेल तर निदान मूठभर भिजवलेले हरभरे द्या. तुम्ही मान डोलावत होतात. सर वळणापलीकडे दिसेनासे झाले आणि तुम्ही चुलीपाशी बसलेल्या आईला म्हणालात, "तिले का वखराले जुपाचं हाय मले? खांदे रुंद झाले तं सोयरीक कोण करन?" मी कपबशा विसळत होते. पाणी ओतायचा आवाज मी मुद्दाम मोठा केला, तरी ऐकायचं ते ऐकू आलंच.

मग मी माझी सोय केली. गोठा झाडायचं काम माझंच होतं. तुम्ही पहाटे गव्हाणीत दोन्ही बैलांपुढे हरभरे ओतायचात, वर ढेप टाकायच्या आधी हातपाय धुवायला बोअरिंगवर जायचात. तेवढ्यात मी शेणाचं टोपलं खाली ठेवायचे आणि पांढऱ्याच्या बाजूने हात घालायचे. तांबडा शिंग मारायचा, पांढरा मारत नसे. तो गरीब होता, तोंड जरा बाजूला घ्यायचा, त्याच्या श्वासाने माझं मनगट ओलं व्हायचं. हरभऱ्यांना गव्हाणीच्या लाकडाचा आणि लाळेचा वास यायचा. मी घाईघाईने, दाराकडे पाठ करून, पुरते न चावता गिळायचे. पण शेवटची मूठ मात्र मी कधी खाल्ली नाही. ती पांढऱ्याची. कितीही भूक असली तरी तेवढी ठेवायची असा मी माझ्यापुरता नेम केला होता, आणि त्यामुळे मला कधी चोर असल्यासारखं वाटलं नाही. आम्ही दोघं एका ताटात जेवणारे, असंच मी धरून चालले होते. पोळा जवळ येत गेला तसे पांढऱ्याच्या बाजूचे हरभरे वाढत गेले. मला वाटलं, यंदा तुम्ही त्याला तोरणात पुढे उभा करणार.

अमरावतीला माझा नंबर आला नाही. पहिल्या दोन फेकी बऱ्या गेल्या, तिसरीला हातातला जीवच गेला. बाकीच्या पोरी मधल्या वेळेत डबे उघडून खात होत्या, त्यात एकीची आई सोबत आली होती आणि ती लेकीला घास भरवत होती. एसटीत सरांनी मला केळी घेऊन दिली. गावात उतरले तेव्हा दिवस मावळत होता आणि नेमकी ती पोळ्याची आदली संध्याकाळ होती, खांदे शेकायची. तुम्ही गोठ्यात होतात. पळसाच्या पानाने पांढऱ्याच्या खांद्याला लोणी आणि हळद चोळत होतात, जिथे जू घासतं तिथे, किती हळुवार! आणि त्याच्या कानाशी वाकून म्हणत होतात, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." सगळेच म्हणतात, रीतच आहे. पण मी पिशवी खांद्याला लावून दारात उभी होते, माझा उजवा खांदा ठणकत होता, आणि ते शब्द ऐकून मला रडू फुटायचंच काय ते राहिलं. तुम्ही वळून बघितलंत. "आली का? मायले हात लाव, पुरन वाटाचं हाय." स्पर्धेचं काय झालं ते तुम्ही विचारलंच नाहीत. दुसऱ्या दिवशी बैल दारात आले, आईने त्यांचे पाय धुतले, ओवाळलं आणि पितळी ताटात पुरणाच्या पोळ्या त्यांच्यापुढे धरल्या. बैल ताटात जेवले. आम्ही बायका त्यानंतर, पुरुषांच्याही नंतर, उरलेलं खायला बसलो. तेव्हा मला हे सगळं इतकं स्पष्ट दिसत नव्हतं. मी नुसती एकच पोळी खाऊन उठले.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. गोळाफेक सुटली. धावण्याच्या जोरावर वनरक्षक झाले, झरी जामणीच्या जंगलात कितीतरी वर्षं काढली, सागाच्या चोरट्यांच्या मागे रान तुडवलं. लोक सांगतात की पारावर बसून तुम्ही म्हणायचात, माझी पोरगी एकटी जंगलात फिरते, वाघाले भेत नाही. लोकच सांगतात, तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत. तुम्ही गेलात तेव्हा मी झरीहून पोचेपर्यंत तिरडी बांधून झाली होती. खांदा द्यायला दादा पुढे, आणि तो देवळापर्यंतच धापा टाकायला लागला, त्याचा खांदा बदलावा लागला. घरादाराचं दूध प्यालेला खांदा तो. मी बायकांमध्ये उभी होते आणि माझे हात नुसते लोंबत होते.

तेरवीच्या दिवशी सगळे सोयरे बसले असताना आईने गव्हाणीतल्या हरभऱ्यांची गोष्ट सांगितली. मी कुणाला काही बोललेच नव्हते, त्यामुळे तिने सुरुवात केली तेव्हा मी हातातलं भांडं खाली ठेवलं. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "तुह्या बापाले पह्यल्या दिसापासून ठाऊक होतं. तू खाते म्हणूनच तं पांढऱ्याच्या अंगानं मूठभर जास्त टाके तो. अन बोअरिंगवर उगाच येळ काढे." बायकांनी डोळ्यांना पदर लावले. बापाची माया अशीच असते, बोलून दाखवत नाही, असं मावशी म्हणाली. तेव्हापासून दर पोळ्याला हा किस्सा आपल्या घरात सांगितला जातो, दादा फोनवर नातेवाइकांना सांगतो, आणि शेवटी सगळे माझ्याकडे बघतात, मी आता तरी रडेन म्हणून.

मी रडत नाही. तुम्हाला ठाऊक नव्हतं असं मी इतकी वर्षं धरून चालले होते आणि त्यात एक प्रकारचं बरं होतं. माणसाला दिसलंच नाही तर तो काय करणार? पण तुम्हाला दिसत होतं. पोरीला भूक आहे हे कळत होतं, किती मुठी लागतात हे तर तुमच्याइतकं कुणालाच कळलं नसतं, आणि द्यायची तुमची तयारीही होती. मग ताटात काहून नाही वाढलं, बाबा? घर आणि गोठ्यात एक भिंत होती. तीच मूठ त्या भिंतीच्या अलीकडे ठेवली असती तर काय आभाळ कोसळणार होतं? आईला काय वाटेल, दादाला काय वाटेल, सर जिंकले असं होईल, आपला शब्द खाली पडेल? की पोरीने खाल्लेलं चालतं, फक्त ती खाताना दिसायला नको? तुम्ही बोअरिंगवर उगाच वेळ काढायचात, आणि मी इकडे घशात अडकेपर्यंत गिळायचे. तुम्ही सावकाश पाय धुताय हे मला कळलं असतं तर निदान चावून तरी खाल्लं असतं. याला जगाने माया म्हणावं, मला हरकत नाही. मला त्या मायेचा वास येतो, गव्हाणीचा.

आता मुद्द्याचं. महिनाभर माझं वजन हललेलं नाही. खाते सगळं, उचलते सगळं, झोपते वेळेवर, काटा आहे तिथेच. स्पर्धा जवळ आली आहे आणि वरच्या गटाला अजून थोडंसंच कमी पडतं आहे. या वयात पुन्हा संधी येईल की नाही सांगता येत नाही. अमरावतीहून जशी परतले तशी पुन्हा परतायचं नाही, एवढंच मला हवं आहे. ट्रेनरला कोडं पडलं. दोन-चार दिवस तो मी जेवताना लक्ष ठेवून होता. मी व्यायामानंतर भिजवलेले हरभरे खाते, तिथेच, आरशाच्या कोपऱ्यात, उभ्याने. काल माझा डबा त्याने हातात घेतला, उघडून बघितला आणि म्हणाला, "ताई, रोज मूठभर उरते यात. दुपारच्या डब्यातबी उरते. कोनासाठी ठेवून राह्यल्या तुम्ही?"

मी म्हटलं, पोट भरतं माझं. खोटं नव्हतं ते, मला खरंच तसंच वाटत आलं होतं. मग घरी येऊन तुमच्या जावयांना विचारलं. ते म्हणाले, लग्न झाल्यापासून तू प्रत्येक ताटात ठेवतेस, मला वाटलं तुमच्याकडची रीत असेल.

पांढरा कधीचाच गेला, तुम्हीच त्याला बांधावर पुरलात आणि दोन दिवस जेवला नाहीत. त्याची मूठ मी अजून ठेवते आहे. तुम्ही मला दिलेला खुराक इतका मुरला, की तुम्ही गेल्यावरही, पगार माझा, स्वयंपाकघर माझं असताना, मी गव्हाणीतच जेवते आहे.

आज संध्याकाळी मी हरभरे डब्यात घेतले नाहीत, ताटात घेतले, पितळी ताटात. टेबलाशी बसले, दाराकडे तोंड करून. सावकाश खाल्ले, एकेक चावून. जावई समोर वर्तमानपत्र वाचत होते, त्यांना यात विशेष काही दिसलं नाही. शेवटची मूठ राहिली तेव्हा हात थांबला. मी त्याला थांबू दिलं नाही. तीही खाल्ली.

हे तुम्हाला पाठवायचं तरी कुठे? तुमच्या हाती कागद आला की तुम्ही त्यात कापसाचा भाव शोधायचात, तेव्हा राहू दे इथेच. फक्त एक सांगते, दुसऱ्या कुणाला सांगता येणार नाही म्हणून. गोठ्यात पाठ फिरवून इतके दिवस खाल्लं, तेव्हा एकदाही वाटलं नव्हतं. आज माझ्याच घरात, माझ्याच ताटात, ताट रिकामं झालं आणि मला पहिल्यांदा चोरी केल्यासारखं वाटलं.