नायिकेच्या जागेवर

१७ जुलै १९३८, रविवार
आजपासून तालमीचं निरीक्षण सुरू. पावसाळ्यात मिठागरं बंद, म्हणून मिठाचं गोदाम रिकामं. गणपतीतल्या नाटकाची तालीम तिथेच. मी कोपऱ्यात गोणपाटावर बसून सगळं टिपून घेतलं. कोण कुठून येतो, कुठे थांबतो, कुठे खोकतो. दिवेकर मास्तर बसवतायत. त्यांनी विचारलं, तू इथे काय करतोयस? म्हटलं, स्टडी. ते हसले. कौतुकानेच.

बाबांनी सकाळी बजावलंय. यंदा स्टेजवर दिसलास तर ठीक, नाहीतर दिवाळीनंतर मुकाट्याने मिठागरावर. मी चौतीस वर्षांचा. मॅट्रिकपर्यंत शिकलेला. मिठागरावर एक सीझन काढला होता, तळपायाची सालटं निघाली. तेव्हा स्टेज. पक्कं.

२२ जुलै
नायिकेचं काम करणारा बाळा परळच्या गिरणीत लागला. मास्तरांनी तिची वही माझ्या हातात दिली. म्हणाले, दुसरी सोय होईपर्यंत तू तिच्या जागेवर उभा राहा, म्हणजे नायकाला कुठे बघायचं ते कळेल. सहा दिवसांत गोणपाटावरून नायिका! गुण लपत नाहीत.

२३ जुलै, सकाळी ६
ठराव: रोज पहाटे उठून आवाज बारीक करायचा. मान जराशी कलती. मासळी बंद.

२४ जुलै, सकाळी ९
उठलो नाही. नायिका तरी कुठे लवकर उठते? रात्री बोंबील होते. इंदूने, म्हणजे बायकोने, आग्रह केला.

३० जुलै
पहिलं पद म्हटलं. फिडलवर मायकेल. तारोडीहून येतो, चर्चमध्ये वाजवतो. पद संपल्यावर म्हणाला, दामू, तुजा सूर हाय, पन तो दुसऱ्या गान्याचा हाय. जळतो.

७ ऑगस्ट
मास्तर म्हणाले, मिशीवाल्या बाईवर प्रेम करणं नायकाला जड जातंय. सगळे हसले. मी इशारा ओळखला. उद्या मिशी काढणार.

८ ऑगस्ट
न्हावी तयार होईना. म्हणाला, बापूस जिता हाय ना तुजा? मग मिशीला हात न्हाय लावनार. अडाणी माणूस. शेवटी गोठ्यामागे स्वतःच उरकली. दोन ठिकाणी कापलं. इंदूने मला पाहिलं, किंचाळली आणि धावत आत गेली. सासरे धड आहेत का बघायला. बाबा भाकरी खात होते.

तरीही मी बाजारातून एक फेरी मारून आलो. चेहऱ्याला वारा लागायला हवा होता.

९ ऑगस्ट
नाही जायला हवं होतं. सकाळी राई गावचे काळूरामकाका चार माणसं घेऊन रडत दारात. बाप गेल्याशिवाय कोणी मिशी काढतो का? दार बाबांनीच उघडलं. काका त्यांच्या गळ्यात पडले, धर्माजी कसा रे गेला म्हणून हंबरडा फोडला, आणि मग आपण कोणाच्या गळ्यात पडलोय ते त्यांना दिसलं.

बाबा मला एकच वाक्य बोलले. आता स्टेजवर दिसलाच पायजेस, न्हायतर ही मानसं फुकट रडली.

१५ ऑगस्ट
मास्तरांना लुगड्याचं विचारलं. म्हणाले, बघू. दिग्दर्शकाचं बघू म्हणजे होच असतं.

२१ ऑगस्ट
नायिका आली. बाई. खरीखुरी बाई! गिरगावच्या पुष्पलताबाई. नाटकातल्या बाईला आपल्यात कोणी घरात घेईना, म्हणून मायकेलच्या मावशीने, एव्हलिनबाईंनी, ठेवून घेतलंय. सगळं गुपचूप. गावातल्या म्हाताऱ्यांना कळलं तर मांडव पडेल, म्हणून हँडबिलावर नाव नाही. मास्तरांना विचारलं, आणि मी? माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, तू जागा फार छान धरून ठेवलीस.

२२ ऑगस्ट
मास्तरांकडे शिपायाचं काम मागितलं. भरलंय. द्वारपाल मागितला. भरलाय. दुसऱ्या अंकात एक प्रेत आहे, ते तरी द्या म्हटलं. ते मांडववाल्याच्या मेहुण्याला दिलंय. मी तीन वेळा पाया पडलो. मग गोदामामागे जाऊन रडलो. वरच्या ओठाला हात लावला की अजून रडू येत होतं.

२९ ऑगस्ट, गणेश चतुर्थी
घरी सांगणार होतो. आरतीनंतर बाबांनीच विचारलं, काम चालू हाय ना? म्हटलं, हो. त्यांनी सगळ्या पाहुण्यांना आवतण दिलंय. काळूरामकाकांना पहिलं. उद्या सांगतो.

२ सप्टेंबर
नाही सांगितलं. ताप येतो का पाहिलं. येत नाही.

४ सप्टेंबर, रविवार, सकाळी १०
नाटक काल झालं. मी विंगेमागे गोण्यांच्या आड बसून बाबांना बघत होतो. पुढच्या खुर्चीत, नवा फेटा बांधून. स्टेजवर जो येईल त्याच्याकडे मान पुढे करून बघायचे. तिसऱ्या अंकात पुष्पलताबाई रडल्या आणि मांडव रडला. बाबांनी धोतराचा सोगा डोळ्यांना लावला. मला तिथे बसवेना. गोदामात जाऊन पडलो.

आज सकाळी घरी गेलो ते सगळं कबूल करायचं ठरवूनच. मिठागर तर मिठागर. बाबा ओट्यावर उभे. जवळ आले, माझ्या पाठीवर हात ठेवला. चौतीस वर्षांत पहिल्यांदा. म्हणाले, पोरा, मी तर तुला वळखलाच न्हाय. काळूराम बोलला, अरे ती बाई म्हंजे आपला दामू. मंग बघत राह्यलो. तू रडलास ना, तवा तुज्या आईची याद आली. मिठागरावर नको जाऊस. तू हेच कर.

बाबांचे डोळे भरले होते. मी तोंड उघडलं. मग म्हटलं, सर्दी होती बाबा, नाहीतर पदं अजून रंगली असती.