‘असल्यास’

शॉनी, ओक्लाहोमा
१४ ऑक्टोबर

प्रिय बहीण लोरेना,

तुझे पत्र आणि पीचचा मुरंबा दोन्ही सुखरूप पोहोचले. मुरंबा उत्तम आहे. पत्रात दोन स्वल्पविराम अनावश्यक आहेत. माझी प्रकृती ठीक आहे. गुडघा कुरकुरतो, परंतु तो पूर्वीपासूनच तक्रारखोर आहे.

गेल्या रविवारी तू दूरध्वनीवर विचारलेस, “आवाज असा का येतोय रे?” मी पडशाचे कारण सांगितले. पडसे नव्हते.

हे घर नव्या मालकाने विकत घेतले, हे तुला ठाऊक आहे. माझ्या भाडेकराराची मुदत अजून शिल्लक असली तरी त्याने एक कागद पाठवला: “गळका असल्यामुळे भाडेकरू महिनाअखेर घर रिकामे करीत आहे.” व्याकरणदृष्ट्या येथे गळका मी ठरतो. मी तांबडी शाई घेतली आणि ‘छप्पर गळके’ असे केले. छप्पर वसंतातच दुरुस्त झाले असल्याने ‘असल्यामुळे’ हेही असत्य होते. तेथे ‘असल्यास’ लिहिले. नंतर, आयुष्यभर तपासलेल्या प्रत्येक निबंधाखाली केली तशी, तळाशी सही केली आणि कागद परत पाठवला.

ती सही म्हणजे घर सोडण्यास संमती होय, असे मालकाच्या माणसाने दारात उभे राहून सांगितले. त्यानंतर मी मेबेलने लग्नात आणलेल्या बशा वर्तमानपत्रांत गुंडाळू लागलो. तिने जाण्यापूर्वी लावलेल्या गुलाबांचे काय करावे, हे मात्र सुचेना. तुला कळवले असते, तर तू गाडी घेऊन आली असतीस आणि मला टल्साला नेले असतेस. तुझ्या घरी मी सुखात राहिलो असतो, यात शंका नाही. म्हणूनच कळवले नाही.

तू नाताळात भेट दिलेली ती वकिलांची योजना तुला आठवत असेल. मासिक वर्गणीत वकील म्हणजे काय, तो रोज सकाळी वर्तमानपत्रासारखा अंगणात टाकणार का, असे मी सर्वांसमक्ष विचारले होते. अखेर त्या योजनेच्या क्रमांकावर मी दूरध्वनी केला. त्याच दुपारी डीना टायगर नावाच्या वकीलबाईंचा उलट दूरध्वनी आला. त्यांनी कागदाची प्रत मागवून घेतली, वाचली आणि पुन्हा दूरध्वनी केला.

“सर, तुम्ही त्यांची नोटीस तपासून परत पाठवलीत?”

“नापास करून,” मी म्हणालो.

त्या मनापासून हसल्या. मग म्हणाल्या, “हे बघा, तुम्ही शब्द बदलून सही केलीत. म्हणजे तो त्यांचा कागद राहिलाच नाही, तुमचा नवा प्रस्ताव झाला. आणि त्यावर त्यांची सही कुठंय? बरं, छप्पर गळतंय का?”

“नाही.”

“मग तुमच्याच वाक्याप्रमाणे तुम्ही कुठंही जात नाही. त्या बशा काढा बाहेर.”

त्यांनी मालकाला पत्र धाडले. काल त्याचे उत्तर आले: नोटीस मागे घेतली आहे, करार मुदतीपर्यंत कायम. मी ते उत्तर वाचले, खुर्चीत बसलो आणि बसल्या जागी झोपी गेलो. कित्येक रात्रींनंतर.

योजनेचे नूतनीकरण मी स्वतः करीन. तू मध्ये पडू नयेस. थँक्सगिव्हिंगच्या सणाला मात्र अवश्य ये. टर्की तू भाज, मी टीका करीन.

तुझा,
अजूनही याच पत्त्यावर असलेला,
ऑर्विल