डावीकडे वळताना टक्

४ मे, रविवार

वाजतेय! माझी गाडी वाजतेय! डावीकडे वळलं की पुढून टक्. सिग्नल सुटून ॲक्सिलरेटर दाबला की परत टक्. घेऊन महिना नाही झाला. जुनी असली म्हणून काय, आयुष्यातली पहिली गाडी आहे. खरं तर रडायला हवं होतं. त्याऐवजी मी गौरांगला फोन केला. तो म्हणाला, "आल्झो, बरं तर, येतो मी. ऐकू दे." आणि मी आरशासमोर उभी राहून केस बांधले, सोडले, परत बांधले.

गाडीचा आवाज ऐकायला येणाऱ्या माणसासाठी केस कशाला गं विभावरी?

५ मे

काल मज्जा! रविवार म्हणजे सुपरमार्केट बंद, पार्किंग रिकामं. स्टिअरिंग पूर्ण डावीकडे वळवून आम्ही गोल गोल गोल. चिपच्या फॅक्टरीतला हा शहाणा इंजिनिअर खिडकीतून अर्धा बाहेर लोंबकळत कान देतोय. "चाक फिरवणाऱ्या दांड्याचा सांधा गेला असणार!" मग गुडघ्यांवर बसून टॉर्च. तर सांध्यावरचं रबर धडधाकट, ग्रीसचा एक थेंब उडालेला नाही.

समोरच्या बाल्कनीतून आजीबाई ओरडल्या, "झोनटाग!" म्हणजे रविवार! रविवारी इथे आवाज करायचा नसतो. आम्ही शाळेतल्या पोरांसारखे पळालो.

८ मे

गौरांगला चार-पाच तासांवरच्या उंटरश्लाइसहाइमला नोकरी लागली. ३१ तारखेला जाणार. सहज सांगितलं, कॉफी ढवळत.

९ मे

रात्रभर विचार केला. मीच त्याला सामानासकट सोडायला जाणार. चार-पाच तास गाडीत फक्त मी आणि तो. दोन वर्षं जे घशात अडकलंय ते तेव्हाच बोलायचं! इथे ड्रेस्डेनमध्ये बोलले आणि तो नाही म्हणाला तर पळून जायला जागा असते. आउटोबानवर, भर हायवेवर, नसते. ना त्याला, ना मला.

विचारलं. म्हणाला, "आवडेल. पण आवाज सापडला तरच. नाहीतर मी आपला ट्रेनने."

म्हणजे माझं सगळं त्या टक् वर अडलंय!

११ मे, रविवार

उभ्या गाडीत स्टिअरिंग इकडून तिकडे — आवाज नाही. स्पीडब्रेकरवरून धाडधाड — आवाज नाही. सरळ रस्त्यावर एकाच वेगाने — नाही. वळलो — टक्! आजीबाई — "झोनटाग!"

१४ मे

वेर्कश्टाटवाला मेकॅनिक म्हणाला, दोन्ही दांडे बदलू. जूनच्या मध्यावर या. जूनच्या मध्यावर येऊन मी काय करू? कपाळ!

१८ मे, रविवार

मी पुलांच्या कंपनांवर पीएचडी करतेय आणि स्वतःच्या गाडीचं कंपन कळत नाही — शोभतं का हे? इन्स्टिट्यूटमधून सेन्सर आणले, सही करून. बॉनेटखाली चिकटवले. ग्राफ बघून दोघांनी एकदमच "अरे!" केलं. सांधा असता तर चाकाच्या वेगाबरोबर टकटकटकटक वाढत गेली असती. हा एका वळणाला एकदाच वाजतो आणि गप्प बसतो. डावीकडे वळलं की उजव्या टोकाला. ॲक्सिलरेटर दाबला की मागच्या बाजूला.

"काहीतरी सुटं आहे," गौरांग म्हणाला. "आणि ते घरंगळतंय."

लॅपटॉपवर वाकलो होतो. त्याचा खांदा माझ्या खांद्याला लागला होता. माझ्यावर सेन्सर नव्हता ते बरं.

२२ मे

आईचा फोन. आधी नवीन स्थळ — मुलगा पुण्यात, स्वतःचा फ्लॅट, वगैरे. मी हं हं केलं. मग, "गाडीच्या पूजेतली गणपतीची सुपारी नीट ठेवलीस ना?"

"गाडीतच आहे गं," असं ठोकून देऊन फोन ठेवला. कुठे गेली कुणास ठाऊक. त्या दिवशीच सापडली नव्हती, गवतात पडली असणार.

तासाभराने —

थांब. थांब थांब थांब.

पूजा बॉनेटवर मांडली होती. विड्याचं पान मिळालं नाही म्हणून पालकाचं पान, त्यावर सुपारी. आई व्हिडिओवरून सूचना देत होती. शेवटी म्हणाली, "इंजिनालाही हळदकुंकू लाव गं, तेच तर चालवतं." मी अक्कल गहाण ठेवून मांडलेल्या पूजेसकट बॉनेट उघडलं! सगळं घसरलं काचेकडे. अक्षता, पालक आणि —

हे देवा. अक्षरशः.

२४ मे, शनिवार

वायपरखालची प्लॅस्टिकची जाळी काढली. खाली लांबलचक पन्हळ. त्यात तांदूळ, वाळून काळं झालेलं पान आणि एका कोपऱ्यात गणपतीबाप्पा! कुंकू अजून लागलेलं. महिनाभर माझ्यापुढे इकडून तिकडे धावत होते बिचारे. मी एवढ्या जोरात किंचाळले की आजीबाई बाल्कनीत आल्या. "आज शनिवार आहे हो आजी!" मी चक्क मराठीत ओरडले.

गौरांग हसून हसून टायरला टेकून बसला. सुपारी तळहातावर धरून तिच्याकडेच बघत म्हणाला, "आमच्या कराडला सुपारी फोडली की लग्न ठरतं. तुमच्या सांगलीला?"

मी चार-पाच तासांचं भाषण तयार केलं होतं. मुद्दे काढले होते! तोंडातून एवढंच निघालं —

"आमच्याकडेही."

त्याचे कान लाल झाले. माझं काय झालं ते मला माहीत नाही, मला रस्ताच दिसत नव्हता. बरं की गाडी उभी होती.

३१ मे

उंटरश्लाइसहाइम. सबंध रस्ता एकही टक् नाही. सुपारी डॅशबोर्डवर, रुमालात. आम्ही बोललो ते इथे लिहिणार नाही.

आईला कसं सांगू? पुण्याचा फ्लॅटवाला अजून उभाच आहे रांगेत.

१ जून

आईला सांगितलं. सगळं, सुपारीसकट. मग, "अगं, ती गणपतीची आहे, ती फोडायची नाही हं! दोघं मिळून नदीत सोडा. फोडायला मी घरून दुसरी आणते."