नाकातले पंधरा ग्रॅम

ती. मामा,

नमस्कार. तुमची कंबर आता कशी आहे, आणि तुमच्या रंगाच्या फवाऱ्यानं मामींना येणाऱ्या शिंका थांबल्या का, ते कळवा. इकडे माणसं खुशाल आहेत. विमान नाही. घडलं ते असं:

१. तुम्ही बाबांना निवृत्तीनिमित्त भेट दिलेलं प्लॅस्टिकचं छोटं विमान रविवारी जोडून, रंगवून पूर्ण झालं.

२. बाबांनी आईला आणि मला बोलावून ते जेवणाच्या टेबलावर, त्याच्या तीन चाकांवर उभं केलं.

३. विमानानं नाक वर केलं आणि ते शेपटीवर बसलं.

४. बाबांनी ते सरळ केलं. ते पुन्हा बसलं.

५. आई हसली.

पाचवा मुद्दा सर्वांत गंभीर आहे.

कारण साधं आहे. या विमानाचं एक चाक नाकाखाली आणि दोन पंखांखाली; वजन मागच्या चाकांच्याही मागे गेलं की ते मागे बसणारच. म्हणून सूचनापत्रकाच्या पहिल्याच पानावर चौकट करून सांगितलंय, की धडाचे दोन भाग चिकटवण्याआधी नाकात पंधरा ग्रॅम वजन भरावं. (कारखान्यात पंख्यांचा तोल तपासणं हेच माझं काम आहे. कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं.) बाबांनी ते पान वाचलं नाही, कारण पहिल्याच दिवशी तुम्ही त्यांना फोनवर म्हणालात, "दाजी, सूचनापत्रक नवशिके वाचतात. आपण संदर्भ वाचायचे." फोन स्पीकरवर होता.

मग बाबांनी संदर्भ वाचले. विमानाचा पत्रा जोडणाऱ्या खिळ्यांवर, म्हणजे रिव्हेटांवर, दोन खंडांतलं पुस्तक आलं. एका रिव्हेटाच्या जागेवरून लेखकानं दुसऱ्या खंडात पहिल्या खंडाची माफी मागितली आहे. मासिकं आली, त्यांत एकाच राखाडी रंगाच्या योग्य छटेवरून दोन सद्‌गृहस्थ एकमेकांना वर्षभर पत्रांतून सोलत होते. बाबा दर महिन्याला पक्ष बदलत. मागोमाग हत्यारं: वाकड्या टोकाचे चिमटे, सरळ टोकाचे चिमटे, आणि पडलेले चिमटे उचलण्यासाठी एक चुंबक. आईची नखं घासायची कानस गेली, मग नेलपॉलिश काढायचं द्रव्य, मग जेवणाचं टेबल. आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवायला शिकलो. बाबा डोक्याला भिंगाचा पट्टा बांधून बसत आणि काही विचारलं तर मान वर करून आमच्याकडे असे बघत, की आपल्यालाही कुठे भेग बुजवायची राहिली आहे की काय असं वाटावं. डावा पंख मिलिमीटरभर आखूड आहे हे त्यांनी शोधलं आणि पुट्टी भरून तो वाढवला. लिफ्टमधली वजनाची पाटी न वाचता आत शिरणाऱ्यांना नोकरीभर खाली उतरवणारा हा माणूस वजनाची चौकट तेवढी वाचायला विसरला. (हे मी त्यांना बोलून दाखवलेलं नाही. आईनं दाखवलं.)

उपाय मी सुचवले. शेपटीखाली पारदर्शक काडी लावणं: बाबा म्हणाले, "कुबडी नको." चाकं तळफळीला चिकटवणं: "हे नाटक झालं." शेवटी मी नाकाखालच्या चाकाच्या खणातून बारीक भोक पाडून, तिथून शिशाचे छर्रे आणि गोंद आत सोडायची रीत आखून दिली. रंगाला धक्का लागत नाही. बाबांनी आराखडा नीट पाहिला, एक माप दुरुस्तही केलं, आणि म्हणाले, "बरोबर आहे. पण राहू दे आता." विमान बुटांच्या खोक्यात गेलं. तुमच्या हौशी विमानवाल्यांच्या मंडळाच्या प्रदर्शनात ते ठेवायचं नाही, असं ठरलं. म्हणजे अडचण पंधरा ग्रॅमची नाही, मुद्दा पाचची आहे.

तुम्हाला वाटेल, जाऊ दे, एक छंद सुटला. मामा, छंद सुटला म्हणजे बाबा सुटले. आता ते घर तपासतात. न्हाणीघराचं दार किती जोरात बंद होतं, ते त्यांना माहीत आहे. गाजराच्या फोडी एकसारख्या नाहीत, हे आईला सकाळीच कळवलं जातं. काल मी बुटाची नाडी बांधताना ते मागे उभे होते. आई म्हणाली, "गोंदाचा वास परवडला गं." ती हसल्याबद्दल पस्तावली आहे, पण तसं म्हणायची नाही, तुमची बहीण आहे.

मामींना नमस्कार.

तुमची,
भाची

ता. क. बाबांचा भिंगाचा पट्टा सध्या माझ्याकडे आहे. धूळ बसू नये म्हणून. रिव्हेटांचा पहिला खंडही त्याच कारणानं माझ्याकडे आहे.

दुसरा ता. क. तुमच्या काचेच्या कपाटाचा फोटो आईनं काल अल्बममधून शोधून मला दाखवला. म्हणाली, "याची सगळी विमानं दांड्यांवर, हवेतच का असतात, ते बघ." मी पाहिलं. पाचही विमानं ढगांच्या चित्रापुढे उडत आहेत आणि पाचांचीही चाकं बाहेर आहेत. असली विमानं उडताना चाकं पोटात घेतात. बाहेर चाकं असलेलं विमान उभं राहण्यासाठी बनवलेलं असतं, आणि ते उभं राहत नसेल तरच कुणी त्याला दांडीवर चढवतं.

हे मी बाबांना सांगितलेलं नाही. तुम्ही सांगावं, स्वतःच्या अक्षरात, पाचही विमानांबद्दल. प्रदर्शनाची नावनोंदणी शुक्रवारी बंद होते. पत्र त्यांच्या नावानं, गुरुवारपर्यंत पाठवावं.