उलटं इंजिन आणि मंगलचं तोंड

९ जानेवारी २०२५, इस्लामपूर
झालं! मोटरसायकलचं इंजिन सुरू! सिलिंडर मुद्दाम उलटा बसवलाय — धूर पुढनं नाही, मागनं निघतो, सायलेन्सर सरळ सीटखालनं. शेजारचा रविराज म्हणतो, "काका, गाडी रिव्हर्स पळणार व्हय?" हस लेका, हस! कंपन्यांनी केलं नाही ते फौजेतल्या रिटायर मेकॅनिकनं पत्र्याच्या शेडात केलंय.

एक गोष्ट इथंच लिहितो, दुसऱ्या कुणाला सांगायची सोय नाही. बोलणं ऐकू येतं, पण इंजिनाचा तो बारीक, कोरडा आवाज मला आता ऐकू येत नाही. टू-स्ट्रोकला पेट्रोल कमी पडलं की तो येतो, आणि मग पळत्या गाडीत पिस्टन जाम! गाडीवर कोण? माझी पोरगी, शिवांजली. २ फेब्रुवारीला दहिवडीच्या माळावर शर्यत. बापाचा कान गेलाय हे कळलं तर ती बसायची नाही. लय भ्या वाटतंय.

११ जानेवारी
युक्ती सापडली! बत्तीस वर्षांच्या संसारात मंगलला तोंड लपवता आलेलं नाही. ती समोर मेथी निवडत बसते. मी गाडीकडं पाठ करून स्टुलावर — कान देऊन ऐकतोय असं सोंग. मागं शिवांजली गाडीवर बसून रेस पिळते. तो कोरडा आवाज ऐकून मंगलचं तोंड वाकडं झालं की कार्बोरेटरमधलं पेट्रोल सोडणारं जेट एक नंबर मोठं घालायचं. कुणाला पत्ता नाही!

१४ जानेवारी
संक्रांत. मंगलचं तोंड सकाळपासनं वाकडं. चार जेट बदलली! शेवटी इंजिन पेट्रोल पिऊन नुसतं फडफडायला लागलं, शेडभर धूर. शिवांजली "आबा, बास!" म्हणून ओरडतेय. मंगलला विचारलं, काय बिघडलंय?
"माझी दाढ! तिळाची वडी लागली."
सगळी जेट परत पहिल्यासारखी केली.

२० जानेवारी
दाढ काढली. काम पुन्हा सुरू.

२ फेब्रुवारी, दहिवडी
सकाळी माळावर गाडी तापवली. मंगलचं तोंड वाकडं. जेट एक नंबर मोठं. परत वाकडं! आणखी एक. मग तिनं पिशवीतनं शेंगदाणे काढून खायला सुरुवात केली. म्हटलं, जमलं!

शर्यत मी बघितलीच नाही, मंगलचं तोंडच बघत होतो. सहाव्या, शेवटच्या फेरीला ती ताडकन उठली — म्हटलं, पिस्टन जाम! पण ती टाळ्या वाजवत होती! शिवांजली दुसरी!! रडलो. सगळ्यांसमोर रडलो.

३ फेब्रुवारी
इंजिन उघडलं. पिस्टनवर ओरखडा नाही. राहवलं नाही, मंगलला सगळं सांगून टाकलं. ती हसायलाच लागली. "ठाव हाय की, दिवाळीपास्नं! आवं, मला इंजनातलं काय कळतंय? तुमच्या मागनं शिवांजली बोटं दाखवायची, तसं मी तोंड करायची. दाढ तेवढी खरी हुती."
म्हणजे पोरीला ठाऊक होतं. तरी बसली!
स्टूल फिरवून ठेवलंय. आता माझं तोंड पोरीकडं.