दोघींच्या नावचं रान

ता. २ नोव्हेंबर

चि. धाकटीस,
अ. उ. आ. वि. वि.

मुद्दाम पत्र लिहिते. फोनवर तू हो हो म्हणतेस आणि विसरतेस.

परवा वनखात्याची बाई येऊन गेली. आपलं खाजगी रान नीट राखणाऱ्यांना आता सरकार मदत करणार आहे. दाट झालेली झाडं विरळ करायला माणसं देणार, नवी रोपं देणार, वणवा अडवायला झाडझाडोरा काढून मोकळे पट्टे करून देणार. बदल्यात वीस वर्षं सरसकट तोड करायची नाही, निवडून थोडं थोडं काढायचं. रान दोघा भावांनी लावलं, पण आता ते आपल्या दोघी जावांच्या नावावर. एकटीचा अर्धा भाग त्यांच्या नियमात बसत नाही, म्हणून तुझी सही हवी.

ते दोघं गेल्यापासून मी एकटीच या रानामागे फिरते. उन्हाळ्यात कुठे धूर दिसला की हातातलं टाकून रानाकडे धावते. थकले गं.

तुझ्या मुलाला, बाळाला, विचार आणि कळव. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी थोरली जाऊ

ता. १५ नोव्हेंबर

ती. जाऊबाईंस,
सा. न. वि. वि.

कोणत्या तोंडानं लिहू कळत नाही. माझा अर्धा भाग तोडीला विकायचं बाळानं लाकडाच्या वखारवाल्याशी बोलून ठेवलंय. त्याचाही नाइलाज आहे. आम्ही चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, माझं कंबरडं हे असं. दवाखान्यात न्यायचं तर दोघं जण मला खुर्चीसकट उतरवतात, सोफा हलवावा तशी. वळणावर शेजारीण दार उघडून बघते. तळमजल्यावर घर घ्यायचं त्याच्या मनात आहे.

आणि वीस वर्षं म्हणता! तोवर आपण दोघी भिंतीवरच्या फोटोत असू.

रागावू नका. आहे तो जीव तसाच लावावा.

तुमची धाकटी

ता. ६ डिसेंबर

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

रागावले नाही. रागवायलाही अंगात जोर लागतो. सोफ्याचं वाचून आधी हसू आलं, मग तुझं पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

तुझा वाटा खुशाल विक. वनखात्याच्या बाईला मी नाही म्हणून कळवते. ती आणखीही काही सांगत होती, पण ते जाऊ दे. ओढ्याकडच्या वाटेनं ट्रक आणू नका म्हणावं, रुततील.

प्रकृतीला जप. आठवण ठेव, एवढंच.

थोरली

ता. २० डिसेंबर

ती. जाऊबाईंस,
सा. न.

असं काही मनात ठेवतात का हो?

काल वखारवाला आला होता. म्हणाला, तुमचा भाग निघाला की थोरल्या बाईंची झाडं वाऱ्याला उघडी पडतील. दाटीत वाढलेली, उंच आणि बारीक, एकमेकांच्या आधारानं उभी आहेत. दोन-तीन वादळांत आडवी होतील, मग तीही स्वस्तात मिळतील. हे त्यानं आमचा चहा पिता पिता सांगितलं. बाळाचं तोंड उतरलं. तो गेल्यावर बाळानं विचारलं, काकूला हे माहीत असेल का. मी म्हटलं, वनखात्याच्या बाईनं सांगितलं असणारच.

बाळ उठला, खाली गेला आणि वखारवाल्याला फोनवर नाही म्हणून आला.

तुमचं ते ‘नाही’ वनखात्याला गेलं असेल तर मागे घ्या. सही करायला मीच येते, आणि येते ती राहायलाच. तुमच्या घराला जिना नाही. मात्र चहात मी दोन चमचे साखर घेते, हटकायचं नाही.

दार उघडं असू द्यावं.

तुमची धाकटी

ता. ११ फेब्रुवारी

चि. बाळास,
अ. उ. आ.

अर्ज मंजूर झाला. आज विरळणीला सुरुवात झाली. कोणती झाडं काढायची त्यांना रंगाचा पट्टा मारायचा होता. काकूंनी ब्रश हातात घेतला, पण एकाही झाडाला लावेनात. प्रत्येक झाड नवऱ्यानं लावलेलं. शेवटी खुर्ची रानात नेऊन मी बसले आणि वनखात्याच्या बाईनं दाखवलं त्या खोडांवर पट्टे मारले. मलाही सोपं गेलं नाही.

तळमजल्याचं घर राहिलं याची तुला रुखरुख आहे. मलाही आहे, खोटं कशाला बोलू. इथे दवाखाना लांब आहे आणि कंबर तशीच दुखते.

दुपारी करवती सुरू झाल्या. रानावर लक्ष ठेवते म्हणत काकू ओट्यावर टेकल्या आणि तशाच झोपल्या. झाडं धाडधाड पडत होती तरी जागच्या हलल्या नाहीत. आल्यापासून मी त्यांना दुपारचं झोपलेलं पाहिलं नव्हतं.

मी उठवलं नाही. रानाकडे बघत शेजारी बसून राहिले.

येत जा. पत्रावर भागवू नकोस.

आई